घड्याळात ४२.६ आलं म्हणून मॅरेथॉनचा रस्ता चुकत नाही

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की दुपारपासून रनर मंडळींच्या ग्रुपवर एक तक्रार ठरलेली असते, की रूट जास्त होता, मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि माझ्या घड्याळात ४२.६ आलं. दुसरा म्हणतो माझ्यात ४२.४ आलं, मग तुझं घड्याळ कुठलं, माझं कुठलं, आणि तिथून गाडी सरळ साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंतच्या घड्याळांवर जाते. महागडं जीपीएस घड्याळ घ्यावं का, कुठलं घ्यावं, रोज ऑफिसला घालायला चालेल का, हे सगळे रास्त प्रश्न आहेत. पण रूट चुकीचा मोजला ही समजूत मात्र काढून टाकायला हवी, कारण ती काढताना ही घड्याळं काम कशी करतात ते आपोआप समजतं, आणि पैसे नेमके कशासाठी मोजायचे तेही.

मॅरेथॉनचा प्रमाणित रस्ता उपग्रहाने मोजतच नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, ते चाकाच्या फेऱ्या मोजतं. ती सायकल आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ अंतरावर चालवून तपासतात आणि मग रस्त्याच्या सगळ्यात जवळच्या मार्गाने नेतात, म्हणजे वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर सोडून. वर रस्ता कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर. आता हजारो लोकांच्या गर्दीत ओव्हरटेक करत, पाण्याच्या टेबलाकडे जात, वळण बाहेरून घेत पळणारा माणूस त्या सायकलच्या रेषेवर राहूच शकत नाही, तो जास्तच पळतो. उरलेला फरक घड्याळाचा.

आणि घड्याळाची चूक सरळ रस्त्यावर सहसा एकाच बाजूला जाते, हे मला फार आवडतं. तुम्ही सरळ पळताय, घड्याळ दर सेकंदाला एक बिंदू नोंदवतंय, प्रत्येक बिंदू थोडा डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकलेला. ते बिंदू जोडले की नागमोडी रेष होते आणि नागमोडी रेष सरळ रेषेपेक्षा लांबच असते, कधीच आखूड नसते. म्हणजे डावी-उजवी चूक एकमेकींना खोडून टाकत नाही, ती साठत जाते. (तीव्र वळणावर उलटं होतं, तिथे घड्याळ कोपरा कापतं आणि अंतर कमी दाखवतं.)

आता हे बिंदू का सरकतात, इथे खरी मजा आहे.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असतं आणि तो सतत एक ठरावीक कोड सांगत असतो, त्यातून तो कुठे आहे आणि कोड नेमका किती वाजता निघाला ते कळतं. डोक्यावरच्या उपग्रहाचा सिग्नल मनगटापर्यंत यायला साधारण ६७ मिलिसेकंद लागतात. आपलं घड्याळ तो वेळ मोजतं, प्रकाशाच्या वेगाने गुणतं, अंतर मिळतं. जागेचे तीन आकडे काढायला तीन उपग्रह पुरले असते, पण मनगटावरचं घड्याळ साध्या क्वार्ट्झचं, त्याची वेळ तितकी अचूक नसते, म्हणून तीही अज्ञात धरून चौथा उपग्रह घ्यावा लागतो. वेळेची चूक किती महाग पडते बघा, १ मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर. सापेक्षतावादामुळे त्या उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते आधीच जमेस धरलं नसतं तर एका दिवसात ११ किलोमीटरचा घोळ झाला असता.

वेळ मोजायची कशी? तर जुना, सगळीकडे वापरला जाणारा एल१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि त्यातला कोड १०२३ तुकड्यांचा असतो, तो दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होतो. घड्याळाकडे त्याच कोडची एक प्रत असते, ती मागेपुढे सरकवून आलेल्या सिग्नलशी जुळवायची, जिथे सगळ्यात चांगली जुळली तिथे उत्तर. कोडचा एक तुकडा हवेत पसरला तर सुमारे २९३ मीटर लांब होतो. घड्याळ त्याचा छोटासा अंश ओळखू शकतं म्हणून मोकळ्या मैदानात काही मीटरची अचूकता मिळते. पण पेडर रोडवर काय होतं? दोन्हीकडे उंच इमारती, सिग्नल एकदा थेट येतो आणि एकदा समोरच्या काचेवर आपटून, समजा ४० मीटर जास्त फिरून येतो. २९३ मीटरच्या तुकड्यात ४० मीटरचा फरक म्हणजे दोन्ही सिग्नल एकमेकांवर चढलेले, घड्याळाला ते एकच वाटतात, आणि जुळणीचा सर्वोच्च बिंदू ढकलला जातो. तुम्ही फुटपाथवर असता आणि नकाशावर समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या फ्लॅटमधून पळत असता.

एल५ इथे उपयोगी पडतो. हा सिग्नल ११७६.४५ मेगाहर्ट्झवर येतो आणि त्याचा कोड दहापट वेगाने चालतो, त्यामुळे एक तुकडा फक्त २९ मीटरचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून लांबलचक "ओऽऽऽ" केलं तर पहिला आवाज संपायच्या आत प्रतिध्वनी त्यात मिसळतो, पण एक खणखणीत टाळी वाजवली तर टाळी वेगळी आणि तिचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. एल५ म्हणजे ती टाळी. ४० मीटर फिरून आलेला सिग्नल २९ मीटरच्या तुकड्याच्या बाहेर पडतो, त्याची जुळणी वेगळी उठून दिसते आणि घड्याळ म्हणतं हा नंतर आलाय, हा नको. शिवाय एल५ जमिनीवर एल१ पेक्षा जास्त ताकदीने पोचतो.

दोन फ्रिक्वेन्सी एकत्र घेतल्या की आणखी एक गोष्ट होऊ शकते. वातावरणाच्या वरच्या भागात आयनोस्फिअर नावाचा थर आहे, तिथले सुटे इलेक्ट्रॉन सिग्नलला उशीर करतात, आणि हा उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे एल५ ला जास्त उशीर, एल१ ला कमी, दोघांच्या पोचण्यातला फरक मोजला की मूळ उशीर गणिताने काढून टाकता येतो. भारतासाठी हे जास्त महत्त्वाचं, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं (थुंबाला रॉकेट केंद्र त्याचसाठी झालं) आणि त्याच्या उत्तरेला, जिथे आपण राहतो, तिथे आयनोस्फिअर दुपारी आणि संध्याकाळी चांगलाच दाट होतो. मनगटावरच्या छोट्या अँटेनावर हा फायदा पूर्ण मिळत नाही, गोंधळ जास्त असतो, पण तत्त्व सुंदर आहे.

एल५ ने सगळं सुटतं असंही नाही. थेट सिग्नल पूर्ण अडला आणि फक्त आपटलेलाच आला तर टाळी एकच ऐकू येते आणि ती चुकीची असते, मग इतर उपग्रहांशी ताडून त्याला बाहेर काढावं लागतं. त्यासाठी जितके उपग्रह दिसतील तितके बरे, म्हणून ही घड्याळं अमेरिकेच्या जीपीएसबरोबर युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईदू वगैरेही ऐकतात. सगळ्या अमेरिकन उपग्रहांवर एल५ नाही, २०१० पासून सोडलेल्या पिढ्यांवर आहे. आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा, सुरुवातीपासून एल५ वर बोलतो, पण फक्त एल१ ऐकणाऱ्या चिपला तो कळायचाच नाही, म्हणून २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकमध्ये एल१ ची भर घातली.

आता घड्याळं. गार्मिन फोररनर ९६५, गार्मिन फेनिक्स ८ आणि ॲपल वॉच अल्ट्रा २, तिन्हीत एल१ आणि एल५ दोन्ही आहेत. म्हणून नुसत्या ट्रॅकच्या अचूकतेसाठी यातलं महाग कोणतं हे बघत बसण्यात अर्थ नाही. फरक बाकीच्या गोष्टींत आहे. फोररनर ९६५ चं वजन ५३ ग्रॅम आणि कंपनी बॅटरी २३ दिवसांची सांगते, पण दोन फ्रिक्वेन्सी सतत चालू ठेवून पळालात तर १९ तास. अल्ट्रा २ सुमारे ६१ ग्रॅमचं, नेहमीच्या वापरात ३६ तास, आणि आयफोन नसेल तर विषयच संपला. फेनिक्स ८ चं ४७ मिलिमीटरचं स्टीलचं, ॲमोलेड स्क्रीनचं मॉडेल ८० ग्रॅमच्या आसपास, बॅटरी १६ दिवस. स्क्रीन कायम चालू ठेवली की हे आकडे बरेच खाली येतात हे लक्षात ठेवा.

रोज घालायचं म्हटलं तर मी वजनाला सगळ्यात जास्त मार्क देतो, आणि शर्टाच्या बाहीत अडकतं एवढंच त्याचं कारण नाही. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश टाकतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं. जड घड्याळ पळताना मनगटावर उसळतं, फटीतून बाहेरचा प्रकाश शिरतो, आणि कधीकधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांचा ठेकाच पकडतं, मग निवांत पळतानाही हार्टरेट १७० दिसतो. त्याच हार्टरेट आणि पेसवरून (किलोमीटरला लागणारा वेळ) व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, अंदाज काढतात, म्हणजे पाया हलला की वरचा मजलाही हलणार. काचेबद्दल म्हणाल तर सफायर कडकपणाच्या १ ते १० च्या मोह्स मापात ९ वर, वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर, त्यामुळे भिंतीला, दाराला घासून सफायरवर सहसा चरे पडत नाहीत, पण वरून दगडावर आपटलं तर तीही फुटते. लोकल आणि ऑफिस असं आयुष्य असेल तर सफायरसाठी वेगळे पंधरा-वीस हजार घालायची गरज नाही.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. याच घड्याळांच्या शेजारी चुंबकाचे, तांब्याचे, "ऊर्जा संतुलित करणारे" बँड विकायला असतात आणि शिकलेले लोक ते घेतात. त्यात कुठलंही मोजमाप नाही, कुठलाही सिग्नल नाही, पैसे देऊ नका. तसंच "उपग्रहाचं रेडिएशन अंगावर येतं" ही भीतीही निराधार आहे, जमिनीवर पोचणारा जीपीएस सिग्नल १ भागिले १ वर १६ शून्यं इतक्या वॅटचा असतो, आणि जागा काढण्यासाठी घड्याळ उपग्रहाला काहीच पाठवत नाही, ते फक्त ऐकतं. उलट बाजूला, घड्याळाने सकाळी "आज तयारी ३४ टक्के" म्हटलं म्हणून पाय ताजे असताना घरी बसणं हेही शास्त्र नव्हे. तो आकडा अंदाजातून काढलेला अंदाज आहे.

मग एल५ चं घड्याळ कोणी घ्यावं? रोज मरीन ड्राइव्हला किंवा गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर पळणाऱ्याला साध्या एल१ वाल्याने भागतं. दादर-परळच्या टॉवरमध्ये, घाटात किंवा सह्याद्रीच्या दऱ्यांत ट्रेल रन करणाऱ्याला फरक नक्की दिसेल. आणि कुठलंही असो, रेसमध्ये पेस ठरवताना किलोमीटरच्या पाट्या बघा. ४ तासांत मॅरेथॉन संपवायला किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात, पण घड्याळ शेवटी ४२.६ दाखवणार असेल तर घड्याळातल्या ५:४१ ने पळून तुम्ही ४ तास २ मिनिटांनी पोचाल.

शिवाय आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करा. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या सावकाश सांगतो, ती पूर्ण ऐकायला अर्धा मिनिट जातो आणि इमारतींमध्ये मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. सिंक केलं की पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज घड्याळात आधीच येऊन बसतो आणि लॉक, म्हणजे उपग्रहांवरून जागा पक्की होणं, काही सेकंदांत मिळतो. लॉक मिळाल्यावरही मिनिटभर मोकळ्या आकाशाखाली थांबा, तेवढ्यात आणखी उपग्रह जोडले जातात, मग बटण दाबा.