पाणबुडीनिर्मिती आणि आंतरराष्ट्रीय राजकीय संस्था

पाणबुडीनिर्मिती, स्वदेशी : देशाने आपल्या नौदलासाठी स्वतःच्या गोदीत पाणबुड्या बांधणे. आज लागू असलेला कोणताही सार्वत्रिक करार पाणबुडी बांधायला मनाई करीत नाही. बंधने येतात ती तिच्या इंधनावर, क्षेपणास्त्रांवर आणि दुसऱ्या देशाकडून मिळणाऱ्या तंत्रज्ञानावर.

सर्वांत मोठे बंधन 1970 मध्ये लागू झालेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराचे आहे. अण्वस्त्रे नसलेल्या सदस्य देशांना आपले सर्व अणुसाहित्य आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली ठेवावे लागते. मात्र संस्थेच्या नमुना कराराच्या 14 व्या परिच्छेदानुसार, स्फोटासाठी नसलेल्या लष्करी वापराकरिता असे साहित्य काही काळ तपासणीबाहेर नेता येते. पाणबुडीतील अणुभट्टी हे या सवलतीचे ठळक उदाहरण होय. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया यांच्या अणुपाणबुडी योजनांमुळे या परिच्छेदाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न आता संस्थेपुढे प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यातील बंधन त्याला लागू नाही आणि सवलतही नाही. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अणुसाहित्याच्या निर्यातीवर बंधने घालणारा अणुपुरवठादार देशांचा गट स्थापन झाला; 1998 च्या चाचण्यांनंतर सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 1172 संमत करून अण्वस्त्रे व ती वाहून नेणारी क्षेपणास्त्रे यांचा विकास थांबवण्याचे आवाहन केले. बाहेरची दारे अशी मिटत गेल्याने अणुभट्टी आणि तिचे इंधन देशातच तयार करणे भाग पडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे जमिनीवर नमुना अणुभट्टी उभारली. सोव्हिएत संघाने 1988 ते 1991 या काळात भाड्याने दिलेल्या ‘चक्र’ या पाणबुडीवर नौदलाला अणुपाणबुडी चालवण्याचा अनुभव मिळाला, आणि बांधणी शिकण्याच्या दृष्टीने तोही मोलाचा होता.

अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने 1 ऑगस्ट 2008 रोजी भारतासाठीच्या तपासणी कराराला मान्यता दिली आणि 6 सप्टेंबरला पुरवठादार गटाने भारताशी नागरी अणुव्यापार करण्यास सूट दिली. ही तपासणी फक्त नागरी अणुप्रकल्पांपुरती आहे. पाणबुडीची अणुभट्टी तिच्या कक्षेबाहेर राहिली. पुढच्याच वर्षी, 26 जुलै 2009 रोजी, विशाखापट्टणम येथे तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडून ‘अरिहंत’ या भारतात बांधलेल्या पहिल्या अणुपाणबुडीचे जलावतरण केले. या तारखा जवळजवळ आल्या म्हणून गटाने सूट दिल्यामुळे पाणबुडी झाली असे समजणे चूक ठरेल, कारण बांधणीचे काम त्याआधी कित्येक वर्षे चालू होते.

डिझेल-विजेवर चालणाऱ्या पाणबुड्यांची गोष्ट वेगळी आहे. 1981 च्या जर्मन करारानुसार माझगाव गोदीत बांधलेली ‘शल्की’ 1992 मध्ये, तर ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात आली. त्यानंतर नवे काम न मिळाल्याने तयार झालेले कुशल कारागीर पांगले. 2005 च्या फ्रेंच करारातील पहिली ‘कलवरी’ दाखल व्हायला 2017 साल उजाडले. हा खंड कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेने पाडला नव्हता. निर्णय लांबले ते घरीच, आणि या इतिहासातील हीच सर्वांत दुःखद बाब आहे.

सोलापूरचा या विषयाशी संबंध वालचंद हिराचंद यांच्यामुळे येतो. त्यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरात झाला. त्यांच्या पुढाकाराने सिंदिया कंपनीने विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी उभारली आणि तेथे बांधलेल्या ‘जलउषा’चे 1948 मध्ये जलावतरण झाले, पुढे त्याच शहरात ‘अरिहंत’ बांधली गेली. तिचा गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने पुरवला. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, तर पाणबुडीला पुढे ढकलणारा पंखा सावकाश फिरवावा लागतो, नाहीतर पाण्यात बुडबुडे उठून आवाज होतो. हा वेग उतरवणाऱ्या चाकांचे दाते जराही खडबडीत राहिले, तर त्यांचा आवाज शत्रूच्या सोनारपर्यंत, म्हणजे पाण्यातील आवाज टिपणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोहोचतो. यंत्रमागाच्या खडखडाटावरून कोठले चाक झिजले ते ओळखणारे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, ज्या सोलापुरात आहेत, तेथे ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘अरिहंत’ 2016 मध्ये आणि तिच्या वर्गातील दुसरी ‘अरिघात’ 29 ऑगस्ट 2024 रोजी नौदलात दाखल झाली.