गूळ खाल्ला तर साखर वाढत नाही?

'मधुमेह असेल तर साखर बंद करा, गुळाचा चहा बिनधास्त प्या.' हा सल्ला घरोघरी प्रेमानेच दिला जातो. गूळ कमी प्रक्रियेचा असतो, म्हणून तो पटतोही.

उसाचा रस काहिलीत आटवला की गूळ होतो. साखर करताना मळी वेगळी काढतात, गुळात ती राहते. त्याचा रंग, खमंगपणा आणि थोडी खनिजं त्या मळीतली. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरेतला तोच पदार्थ. आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ग्लुकोज थेट रक्तात जातं. उष्मांकही जवळपास सारखेच: 10 ग्रॅमला 40 च्या आसपास. मधानेही रक्तातली साखर वाढतेच.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले की घरचे गुळाचा खडा तोंडात देतात. त्याने बरं वाटतं, कारण गूळ साखर वाढवतो!

घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतः पाहा. एक दिवस नाश्त्याबरोबर बिनगोडाचा चहा, दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता आणि नेहमीचा गुळाचा चहा. दोन्ही दिवशी आधी आणि दोन तासांनी मोजा, आकडे वहीत लिहा. गोळ्या, इन्सुलिन मात्र स्वतःहून बदलू नका. ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. सणाला पुरणपोळी किती खायची, हेही त्यांना मोकळेपणाने विचारा.