तेलदाब, अभिजात मोटार एंजिनातील : न्यूनतेचे निदान

जुन्या, जतन केलेल्या मोटारगाडीच्या एंजिनातील वंगणतेलाचा दाब निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेखाली उतरल्यास त्याचे कारण शोधण्याची रीत. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिवा किमान ३० वर्षे जुन्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. येथे मुख्यतः १९२० ते १९८० या काळातील, पंपाने वंगण पुरवणारी फोर-स्ट्रोक पेट्रोल एंजिने विचारात घेतली आहेत. दाब पौंड प्रति चौरस इंच, किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर किंवा बार या एककांत देतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पौंड प्रति चौरस इंच. पुढे ‘पौंड’ हा शब्द याच अर्थी वापरला आहे.

पूर्वपीठिका : दाबाने वंगण पुरवण्याची कल्पना मोटारीत प्रथम कोणी आणली याबद्दल एकमत नाही. इंग्रजी ग्रंथांत हा मान बहुधा फ्रेडरिक लँचेस्टर यांना दिला जातो. तथापि बेलिस कंपनीतील आल्बर्ट पेन यांनी १८९० च्या सुमारास वेगवान वाफेच्या एंजिनासाठी पंपाने तेल देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. त्यामुळे ही पद्धत स्थिर वाफ-एंजिनांत आधी रुळली आणि मोटारीने ती तेथून उचलली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रसार मात्र सावकाश झाला. फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) मध्ये तेलपंपही नव्हता आणि दाबमापकही नव्हता. तेल शिंपडले जाई आणि उताराने वाहत जाई. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनात कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगांना शिंपडून तेल देण्याची पद्धत १९५३ पर्यंत टिकली. तेथे मापकावर सुमारे १५ पौंड दिसणे हे निरोगीपणाचेच लक्षण होते. अशा गाडीला नंतरच्या एंजिनाचे आकडे लावून कित्येकदा विनाकारण एंजिन उघडले जाते.

मापकावरील दाब क्रँकशाफ्ट (एंजिनाचा मुख्य फिरता दंड) उचलून धरत नाही, हे निदान करणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायला हवे. त्याचा पुरावा पहिल्या मोटारीहूनही जुना आहे. बोशँप टॉवर यांनी इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग केले आणि १८८३ मध्ये पहिला अहवाल दिला. बेअरिंगच्या वरच्या बाजूस तेल घालण्यासाठी पाडलेल्या भोकातून उलट तेलच वर येऊ लागले. भोकात आधी बूच, मग लाकडी खुंटी ठोकली, तरी तीही बाहेर ढकलली गेली. तेथे मापक जोडल्यावर दाब २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरील सरासरी भार मात्र १०० पौंडांच्या आसपास होता. फिरता दंड स्वतःच तेल पाचरीसारखे आत ओढतो आणि त्या पातळ थरात दाब निर्माण करतो. याचे गणित ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. पंपाचे काम एवढेच, की या थरातून बाजूने निसटणारे तेल सतत भरून काढायचे. म्हणून मापकाचा काटा शक्ती दाखवत नाही. तेल किती येते आणि किती सहज निसटते यांचे गुणोत्तर दाखवतो.

दाब कसा ठरतो : गिअर किंवा रोटर प्रकारचा पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. दाब पंपात तयार होत नाही, तो पुढच्या अडथळ्यामुळे निर्माण होतो. हा अडथळा म्हणजे मुख्य बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दंडाच्या) बुशा आणि रॉकरशाफ्ट (झडपा दाबणाऱ्या रॉकरांचा दंड) यांतील फटी. अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तेलाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात बदलते. ५० मिमी. व्यासाच्या जर्नलला (दंडाच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) सुमारे ०.०५ मिमी. फट असावी असा ढोबळ संकेत आहे. ती झिजून ०.१० मिमी. झाली तर त्याच दाबाला आणि त्याच तेलाला गळती आठपट होते. नेहमीच्या वेगाला पंपाकडे जास्तीचे तेल असते आणि दाबनियंत्रक झडप ते परत सोडून देते, म्हणून तेथे झीज झाकली जाते. मंद चालीवर (आयडलिंगला) हा शिलकी साठा संपतो. गरम एंजिन मंद चालताना काटा खाली येणे आणि वेग वाढताच तो ठीक होणे, ही झिजलेल्या बेअरिंगांची किंवा पातळ झालेल्या तेलाची खूण आहे.

योग्य आकडा कोणता : मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो अमेरिकी व्ही-८ एंजिनांच्या वर्तुळातून पसरलेला दिसतो आणि सरसकट लावण्याजोगा नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुस्तिकेत धावताना ५० ते ८० आणि मंद चालीवर १० ते २५ पौंड दिले आहेत. रोव्हरचे व्ही-८ मात्र मिनिटाला २,४०० फेऱ्यांना ३० ते ४० पौंडांवर समाधानाने चालते. एअर-कूल्ड फोक्सवॅगनसाठी किमान दाब सांगताना तेलाचा दर्जा (एसएई ३०, म्हणजे श्यानतेचा ठरावीक क्रमांक), तापमान (७०° से.) आणि वेग (मिनिटाला २,५०० फेरे) या तिन्ही अटी घातल्या जातात. मोजमाप कसे नोंदवावे याचा तो आदर्शच म्हणावा लागेल, कारण थंड एंजिनावर घेतलेला आकडा निदानाला निरुपयोगी असतो. एसएई ३० तेलाची श्यानता १००° से. ला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक) असते, ४०° से. ला ती साधारण दहापट भरते.

निदानाचा क्रम : प्रथम मापकावरच शंका घ्यावी. बूर्दाँ नळीचा, म्हणजे दाबाने सरळ होऊ पाहणाऱ्या वाकड्या नळीचा, यांत्रिक मापक (पेटंट १८४९) सहसा विश्वासू असतो. विजेवर चालणाऱ्या मापकात सेंडर (दाबाचा विजेचा संकेत देणारा भाग), तार, अर्थिंग यांपैकी काहीही फसवू शकते. माहितीतला यांत्रिक मापक एंजिन ब्लॉकलाच जोडून वाचन पडताळावे. इशारादिवा निदानाला पुरेसा नाही. बहुतेक गाड्यांत तो दाब काही पौंडांवर उतरल्यावरच लागतो.

त्यानंतर तेलाकडे वळावे. डिपस्टिकवरील पातळी, वास आणि पोत पाहण्यास मिनिटही लागत नाही, तरी ही पायरी सर्वाधिक टाळली जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पातळी आपोआप वाढलेली आढळली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर यांत्रिक फ्युएल पंपाचा फाटलेला डायफ्रॅम किंवा अडकलेला चोक संशयास्पद ठरतो. अशा पातळ तेलावर गाडी चालवत राहिल्यास नसलेली झीज खरोखर होते. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरल्याची खूण, आणि व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगांना ते फार घातक असते. मल्टिग्रेड (थंड व गरम दोन्ही स्थितींसाठी बनवलेल्या) तेलातील पॉलिमर कातरले जाऊन श्यानता घटते. मिनीसारख्या, एंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात असलेल्या गाडीत हे विशेष जाणवते.

पुढे काट्याच्या चालीवरून दिशा ठरते. सर्वच वेगांना दाब सारखाच कमी असेल, तर दाबनियंत्रक झडप कचऱ्याने उघडी अडकली आहे किंवा तिची स्प्रिंग बसली आहे असे आधी मानावे. ती बहुधा बाहेरून सोडवता येते. वेग वाढवल्यावर दाब उलट घसरत असेल, तर पंपाला तेल ओढता येत नाही: ऑइल चेंबरमधील (एंजिनाच्या तळाच्या तेलपात्रातील) जाळी गाळाने भरलेली असते, किंवा शोषणनळीच्या सांध्यातून हवा शिरून तेल फेसाळते. वळणावर काटा पडला तर पातळी कमी आहे. सुरू करताना काही क्षण दाब नसून मग नीट येत असेल, तर फिल्टरमधील परतरोधक झडप निकामी असण्याचा संभव आहे. दाब एकाएकी शून्यावर गेल्यास एंजिन तात्काळ बंद करावे; कारणे त्यानंतर शोधावीत.

आवाजाचा पुरावा उपयोगी आहे, पण त्याला कान तयार लागतो. मुख्य बेअरिंगचा ठोका खोल असतो आणि भाराखाली वाढतो. कनेक्टिंग रॉडचा ठोका हलका व स्पष्ट असतो, आणि त्या सिलिंडरचा स्पार्क तोडला की मंदावतो.

ऑइल चेंबर उतरवल्यावर पंपाच्या गिअरांची कडेची मोकळीक सरळपट्टी व फीलर गेजने मोजतात. ती ०.१ मिमी.च्या बरीच पुढे गेली तर पंप झिजला आहे असे साधारणतः धरतात. बेअरिंगांची फट प्लॅस्टिगेज या प्लॅस्टिकच्या बारीक धाग्याने कळते: तो जर्नलवर ठेवून कॅप ठरल्या टॉर्कने आवळायची आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीशी ताडून पाहायची. एंजिन न फिरवता तेलवाहिनीत बाहेरून दाबाखाली तेल सोडून कोणत्या बेअरिंगमधून ते अधिक गळते हे पाहण्याची जुनी पद्धत आज दुर्लक्षित आहे. परंतु एकच बेअरिंग बिघडलेले असल्यास तिच्याइतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणत्याही चाचणीतून मिळत नाही. कॅमशाफ्टच्या बुशा तपासणीतून सर्रास सुटतात. क्रँकशाफ्ट घासून नवे शेल (बेअरिंगांचे बदलता येणारे पातळ अस्तर) बसवल्यावरही दाब कमीच राहिला, तर बहुधा त्याच कारण असतात.

दाट तेल, घट्ट करणारी द्रव्ये किंवा नियंत्रक झडपेच्या स्प्रिंगमागे घातलेली चकती यांनी काटा वर चढतो, याबद्दल वाद नाही. हा उपचार मानावा की लपवाछपवी, याबद्दल मात्र जाणकारांत मतभेद आहेत. किंचित झिजलेल्या, कमी धावणाऱ्या गाडीत एक दर्जा दाट तेल वापरणे क्षम्य आहे. चकतीने फक्त झडप उघडण्याची मर्यादा वाढते. मंद चालीवर झडप मुळात मिटलेलीच असते, तेव्हा तेथील दाबाला तिचा काही लाभ होत नाही. मोठ्या क्षमतेचा पंप बसवल्याने गळती भरून निघते, पण त्याला फिरवणाऱ्या गिअरवर भार वाढतो.

दुरुस्तीनंतर पंप कोरडा ठेवू नये. रोव्हर व्ही-८ मध्ये गिअरांभोवती पेट्रोलियम जेली भरूनच झाकण लावतात, नाहीतर पंप तेल ओढतच नाही.

इतर प्रकार : ड्राय-संप एंजिनात तेल वेगळ्या टाकीत असते आणि ते परत आणण्यासाठी दुसरा पंप लागतो, पोर्शे ९११ मध्ये पातळी गरम एंजिन मंद चालू ठेवून पाहतात. ट्रॅबंटसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेथे तेलदाब मोजण्याचा प्रश्नच येत नाही.