‘जुंटा’ आणि ‘अ पिक्चर ऑफ नेक्टर’: फिशचा मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला अल्बम कोणता?

फिश या अमेरिकन बँडच्या ‘जुंटा’ आणि ‘अ पिक्चर ऑफ नेक्टर’ या दोन्ही अल्बमांच्या सीडीवर इलेक्ट्रा या कंपनीचे नाव आढळते, आणि त्यांपैकी ‘जुंटा’ आधीचा असल्यामुळे मोठ्या कंपनीकडून आलेला फिशचा पहिला अल्बम तोच, असा समज सहज होतो. हा मान प्रत्यक्षात ‘नेक्टर’चा आहे.

फिशची सुरुवात १९८३ मध्ये व्हर्माँट विद्यापीठात झाली आणि बर्लिंग्टन शहरातील छोट्या जागांमध्ये वाजवत हा बँड घडला. गाण्याचा ठरलेला भाग संपला की तेथून चौघांनी मिळून उत्स्फूर्तपणे वाजवत जायचे, ही जॅम बँडची रीत. त्यामुळे त्यांचा श्रोता आधी कार्यक्रमांना येऊ लागला आणि अल्बम नंतर आले. १९८९ मधील ‘जुंटा’ ही अशाच श्रोत्यांना कार्यक्रमाच्या ठिकाणी विकलेली कॅसेट होती आणि तिच्यामागे कोणतीही कंपनी नव्हती. १९९० चा ‘लॉन बॉय’ अॅब्सोल्यूट अ गो गो या लहान कंपनीने काढला. वॉर्नर समूहातील इलेक्ट्राशी बँडचा करार १९९१ मध्ये झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बर्लिंग्टनच्या व्हाइट क्रो स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला ‘नेक्टर’ फेब्रुवारी १९९२ मध्ये इलेक्ट्राने प्रकाशित केला. ‘जुंटा’ची इलेक्ट्रा आवृत्ती त्यानंतर, ऑक्टोबर १९९२ मध्ये आली. ‘लॉन बॉय’ही त्याच वर्षी पुन्हा निघाला. म्हणजे सीडीवरचे नाव ती आवृत्ती कोणी काढली एवढेच सांगते. अल्बम पहिल्यांदा कोणी आणला, हे त्यावरून कळत नाही.

संगीताकडे वळले की घोटाळा आणखी वाढतो, कारण येथे अपेक्षा उलटते. मोठी कंपनी आली की गाणी आखूड होणार असे वाटते, आणि ‘नेक्टर’च्या सोळा तुकड्यांत ते काही अंशी दिसतेही: ‘लामा’ साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते आणि सर्वांत लांब असलेले ‘ट्वीझर’ नऊ मिनिटांपर्यंतही जात नाही. ‘जुंटा’तील ‘द डिव्हायडेड स्काय’ मात्र जवळजवळ बारा मिनिटे चालते. असे असूनही त्याच इलेक्ट्राने ‘जुंटा’ पुन्हा काढताना तो दोन सीडींचा केला आणि मूळ कॅसेटवर नसलेल्या तीन गोष्टी जोडल्या. त्यांतील ‘युनियन फेडरल’ हे सुमारे पंचवीस मिनिटांचे मुक्त वादन आहे. आज ऐकायला मिळणारा ‘जुंटा’ मूळ कॅसेटपेक्षा बराच पसरट आहे, ही बाब दोन्ही अल्बमांची तुलना करताना विसरता कामा नये.

त्याचबरोबर ‘नेक्टर’वर कंपनीची छाप आहे असे मानणेही अन्यायाचे ठरेल. त्याची निर्मिती बँडने स्वतःच केली. बाहेरचा नामवंत निर्माता त्यांच्याकडे १९९३ च्या ‘रिफ्ट’साठी, बॅरी बेकेट यांच्या रूपाने आला. अल्बमचे नाव तर बर्लिंग्टनमधील ‘नेक्टर्स’ या बारचे मालक नेक्टर रॉरिस यांच्यावरून पडले. नवख्या मुलांना त्यांनी आपल्या बारमध्ये पुन्हा पुन्हा वाजवू दिले होते. मुखपृष्ठावरील संत्रे नीट पाहिले तर त्याच्या सालीत रॉरिस यांचा चेहरा मिसळलेला दिसतो. देशभर पोहोचणाऱ्या पहिल्या अल्बमवर आपल्या गावातल्या बारमालकाचा चेहरा छापणे ही मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आखूड गाण्यांचा प्रश्नही प्रत्यक्ष कार्यक्रमांत निकाली निघाला. ‘ट्वीझर’ मंचावर वाढतच गेले, आणि १९९५ मध्ये इलेक्ट्रानेच काढलेल्या ‘अ लाइव्ह वन’ या अल्बमवर मेन राज्यातील बँगोर येथे वाजवलेले तेच गाणे तीस मिनिटांहून अधिक काळ चालते.