तेलाची बाटली कुत्र्याच्या कानापासून लांब

मृग लागल्यापासून चवथीपर्यंत गोव्यातल्या घरात काहीच धड वाळत नाही. त्यातच कुठून तरी आंबूस वास येऊ लागतो, सान्नांचं पीठ जरा जास्तच फुगल्यासारखा. पायपुसणी धुतली जातात, सोफ्याची कव्हरं बदलतात, वास जात नाही. कारण तो बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आडव्या पडलेल्या लॅब्राडोरच्या कानातून येत असतो. पाळी उचलून पाहावी. आत लाल, सुजलेली त्वचा आणि तपकिरी चिकट मळ दिसला तर बहुतेक वेळा बुरशीनं बस्तान मांडलेलं असतं.

माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, बरीचशी सरळ. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे. आंघोळीत किंवा समुद्रात आत गेलेलं पाणी त्या वळणाशी साचतं. उभ्या कानाला निदान वारा तरी लागतो. लॅब्राडोर, बीगल, कॉकर स्पॅनियल यांच्या नळीवर मात्र पाळीचं झाकण, आणि कॉकरच्या कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही जास्त. निरोगी कान स्वतःच स्वच्छ राहतो: पडद्यापासून त्वचेचा वरचा थर हळूहळू बाहेर सरकत येतो आणि मळाला सोबत आणतो. पण सतत ओली राहिलेली त्वचा धुणं धुतलेल्या बोटांसारखी फुगते, सरकणं मंदावतं आणि मळ आतच तुंबतो.

त्यावर वाढणारी बुरशी बहुतेकदा मॅलेसेझिया पॅकिडर्मॅटिस. हिचं नाव गमतीचं आहे. १९२५ साली ती पहिल्यांदा वेगळी केली गेली ती कुत्र्याच्या नव्हे, गेंड्याच्या त्वचेवरून. ‘पॅकिडर्म’ म्हणजे जाड कातडीचा. सूक्ष्मदर्शकाखाली ती इवल्याशा भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते. चांगल्या कानातही ती थोडीफार असतेच, ओल आणि स्निग्ध मळ मिळाला की बेसुमार वाढते.

म्हणूनच कोमट खोबरेल सोडण्याचा घरगुती उपाय आम्हाला सर्वांत घातक वाटतो. स्निग्धता आवडणाऱ्या बुरशीला वरून तेल, आणि खालची ओल झाकलेली! तेलात लसूण तळून घातली असेल तर आधीच सोललेल्या त्वचेची आणखी आग होते. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर यांचीही तीच गत.

कान धुण्यासाठी पशुवैद्याकडून कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर आणावं, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक आम्ल असलेलं. त्यानं मळ सुटतो आणि नळी लवकर कोरडी होते. बाटली पाच मिनिटं हातात धरून कोमट करावी, थंडगार द्रव आत गेला की कुत्रा पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळतो. पाळी वर आणि किंचित मागे ओढली की नळी जराशी सरळ होते. बाटलीचं टोक कानाला न टेकवता द्रव तोंडाशी दिसेपर्यंत भरावा. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या कोपऱ्यामागे, अंगठा आणि बोटानं अर्धा मिनिट चोळावं. पचपच आवाज आला म्हणजे द्रव वळणापर्यंत पोचला. आता हात सोडून बाजूला व्हावं, कुत्रा मान झटकतो आणि आतला मळ वर येतो. तो कापसानं पुसावा, बोट सहज जाईल तेवढंच आत. इअरबडनं मळ वळणाकडे ठासला जातो, म्हणून तो घेऊच नये.

पावसात आठवड्यातून एकदा, शिवाय आंघोळीनंतर आणि मोरजी-मिरामारला डुंबून आल्यावर, एवढं पुरे. रोज धुणाऱ्यांचे कुत्रेही आजारी पडतात, कारण रोजच्या द्रवानं तीच त्वचा पुन्हा भिजते. कान स्वच्छ, फिकट गुलाबी आणि बिनवासाचा असेल तर कोरड्या महिन्यांत नुसता पाहून सोडून द्यावा. फिरून आल्यावर पाळी दोन्ही बाजूंनी कोरड्या फडक्यानं टिपावी. घरातला दमट टॉवेल इथे कामाचा नाही. पाळीच्या आतले, नळीच्या तोंडाभोवतीचे केस बारीक कापावेत. नळीतले केस मात्र सरसकट उपटू नयेत, त्यानं सूज येते. आंघोळीआधी कानाच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा आणि आठवणीनं काढावा! लांब कानांच्या कॉकरला अरुंद तोंडाचं खोल भांडं दिलं की कान पाण्यात बुडत नाहीत.

एवढं करूनही वर्षातून तीन-चारदा कान बिघडत असेल तर दोष हवेवर ढकलू नये. बऱ्याचदा मुळाशी ॲलर्जी असते, धुळीतल्या माइट नावाच्या इवल्या जिवांची किंवा खाण्यातली, आणि असा कुत्रा पंजेही चाटत असतो. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा चुरा दिसला तर कानातले माइट. आणि पाऊस सरल्यावर सड्यावरचं गवत वाळतं तेव्हा कुसळ हा वेगळाच शत्रू: कालपर्यंत ठणठणीत असलेला कुत्रा अचानक एकाच बाजूला मान झटकू लागतो. काट्यासारखं ते कुसळ मागे येत नाही, पुढेच सरकतं. घरी चिमटा घालू नये.

पिवळा-हिरवा, घाण वासाचा पू, पाळी फुग्यासारखी सुजणं (झटकून आतली रक्तवाहिनी फुटते), मान एका बाजूला कलणं किंवा तोल जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर कानात काहीच घालू नये. पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडीन किंवा जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत जाऊन कुत्रा बहिरा होऊ शकतो, म्हणून आधी पशुवैद्य दुर्बिणीतून पडदा पाहतात आणि मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वास गेला म्हणून थेंब मध्येच थांबवू नयेत, औषध संपल्यावर काचपट्टी पुन्हा तपासून घ्यावी. गेल्या पावसातली उरलेली बाटली कपाटात असेल तर ती आजच टाकून द्यावी.