बोर्डात पहिले, पहिल्या सेमिस्टरला केटी

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या पेपरांची पहिल्या पानावरची बातमी ठरलेली असते: कोकण विभाग राज्यात पहिला. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता आणि कोकण विभागाचा ९६.७४. पेढे वाटून होतात, नाक्यावर फ्लेक्स लागतात, आणि पावसाळा सुरू झाला की हीच मुलं रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, महाडच्या कॉलेजांत ‘एफवाय’ला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, जाऊन बसतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल येतो तेव्हा बऱ्याच घरांत ‘केटी’ (विषय राहणं) हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो. मग कारणं शोधली जातात. मोबाइल, रूमवरची संगत, शहराचं वारं. ही कारणं अगदीच खोटी नाहीत. पण मोठं कारण सहसा कोणी बोलत नाही: बारावीपर्यंत या मुलांच्या स्मरणशक्तीचं निम्मं काम दुसरंच कोणीतरी करत होतं.

बारावीचा कुठलाही एक धडा घ्या. तो कॉलेजात शिकवला गेला, क्लासमध्ये पुन्हा झाला, घटक चाचणीत आला, सहामाहीत आला, सराव पेपरांत दोनदा आला आणि पूर्वपरीक्षेतही आला. म्हणजे बोर्डाच्या पेपरापर्यंत तोच मजकूर मुलाला पाच-सहा वेळा डोक्यातून बाहेर काढून कागदावर उतरवावा लागला, आणि तोही मध्ये काही आठवडे जाऊ देऊन. हे वेळापत्रक मुलाने आखलं नव्हतं. पदवीला हे सगळं एकदम थांबतं. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास, आणि सेमिस्टरला असे २० ते २२ क्रेडिट. सर एक युनिट आठ-दहा लेक्चरांत संपवतात आणि पुढे जातात. मध्ये एखादी इंटर्नल होते, बस्स. जुलैत ऐकलेलं थेट सेमिस्टरच्या शेवटी लिहायचं.

मधल्या काळात काय होतं, याचं पहिलं शास्त्रीय मोजमाप जर्मनीतल्या हेरमान एबिंगहाउस याने १८८५ साली प्रसिद्ध केलं. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे, काही काळाने पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या वेळी किती मेहनत वाचली ते मोजायचं, अशी त्याची रीत. प्रयोगाचा विषय तो स्वतःच. वीस मिनिटांनी मेहनत ५८ टक्के वाचत होती, तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. घसरण सुरुवातीला उभ्या कड्यासारखी आहे, नंतर ती मंदावते. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, पण वक्राचा आकार तसाच राहतो.

यावर बहुतेक मुलं एकच उपाय करतात: पुन्हा वाचणं, आणि वाचताना पिवळ्या हायलायटरने पान रंगवणं. २००६ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी हाच उपाय तपासला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. यातली खरी गंमत अशी की ‘आठवड्याने तुमच्या किती लक्षात राहील?’ असं आधीच विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. मजकूर तिसऱ्यांदा डोळ्यांखालून गेला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटणं म्हणजेच येणं अशी मेंदू स्वतःची समजूत घालून घेतो. परीक्षेत मात्र ओळख पटवायची नसते, कोऱ्या कागदावर उभं करायचं असतं.

आता मध्ये अंतर ठेवल्याने फायदा का होतो, ते पाहू. हा भाग थोडा चढणीचा आहे.

दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या फटीला चेतासंधी म्हणतात. पलीकडच्या पेशीवर ग्लुटामेट या रसायनासाठी दोन प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात: अँपा आणि एनएमडीए. अँपा साधा. ग्लुटामेट आलं की तो उघडतो, सोडियमचे आयन आत जातात, काम झालं. एनएमडीए बँकेच्या लॉकरसारखा, दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. पेशी शांत असते तेव्हा तिच्या पटलावर सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा दाब असतो आणि या ग्राहकाच्या नळीत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. ग्लुटामेट येणं ही पहिली किल्ली. त्याच क्षणी पेशी आधीच पुरेशी उत्तेजित असणं ही दुसरी; तेव्हाच मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम आत आलं की कॅमके-२ नावाचं विकर जागं होतं आणि त्या चेतासंधीवर अँपा ग्राहकांची संख्या वाढते. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला जास्त मोठा प्रतिसाद मिळतो. जोडणी बळकट झाली. या दीर्घकालीन बळकटीचं पहिलं सविस्तर वर्णन ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ साली सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागात केलं.

पण ही बळकटी काही तासच टिकते. ती दिवसच्या दिवस टिकवायची तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. त्यासाठी निरोप केंद्रकापर्यंत जावा लागतो, क्रेब नावाच्या प्रथिनाने जनुकं चालू करावी लागतात, प्रथिनं तयार व्हावी लागतात आणि नेमक्या त्याच चेतासंधीपर्यंत पोचावी लागतात. या कामाला तास लागतात. लागोपाठ दहा वेळा उद्दीपन दिलं तर पहिल्या काही वेळांनंतर यंत्रणा भरलेली असते. उरलेलं वाया जातं. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर तासाच्या अंतराने उद्दीपन दिलं, तेव्हा पहिल्या फेरीत हाती न लागलेल्या चेतासंधीही बळकट झाल्या. एरिक कँडेल आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सागरी गोगलगाईवर हेच वर्तनात दाखवलं होतं. रोज दहा याप्रमाणे चार दिवस स्पर्श केले तर स्पर्शाकडे दुर्लक्ष करण्याची तिची शिकवण आठवडे टिकत होती. तेच चाळीस स्पर्श एका दिवसात केले तर तेवढी टिकत नव्हती. कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. गोगलगाईवरून थेट एफवायबीएस्सीच्या वर्गात उडी मारू नये, हे खरं. पण एका रात्रीत सहा तास आणि सहा दिवस रोज एक तास, ही बेरीज मेंदू सारखी धरत नाही, याला दोन्हीकडून दुजोरा मिळतो.

इथेच एक गोष्ट सांगून टाकायला हवी. जून-जुलैत गावोगावी ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ आणि ‘फोटोग्राफिक मेमरी’च्या शिबिरांची पत्रकं वाटली जातात. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा भाग आहे, डोळ्यांच्या हालचालींसारखी कामं त्याच्याकडे असतात आणि तो सगळ्यांचा जन्मापासून चालूच असतो. शिबिरांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून पाहतात. पट्टी नीट बसवली की चमत्कार बंद. ‘हा मुलगा दृश्य पद्धतीने शिकतो, तो श्राव्य’ ही शिबिरांतली दुसरी लाडकी थाप. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन चाळलं तेव्हा, पद्धत जुळवून शिकवल्याने फायदा होतो असा धड पुरावा सापडला नाही. ते पैसे एसटीच्या पासावर खर्च करावेत.

प्रत्यक्षात करायचं काय? वनस्पतिशास्त्राचं खारफुटीवरचं एक लेक्चर घेऊ. त्याच दिवशी संध्याकाळी वही बंद करून कोरा कागद घ्यायचा आणि दहा मिनिटं, मनात येईल त्या क्रमाने, निळ्या पेनाने लिहायचं. समजा लिहिलं गेलं: कांदळाला आधारमुळं, तिवराला जमिनीतून वर येणारी श्वसनमुळं, चिपीलाही श्वसनमुळं, कांदळाच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी. आता वही उघडायची आणि लाल पेनाने दुरुस्ती करायची. क्षारग्रंथी तिवराच्या पानांवर असतात. कांदळ बरंचसं मीठ मुळांशीच गाळून अडवतो. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हे लिहायचं राहूनच गेलं. या लाल ओळी म्हणजे पुढच्या वेळचा अभ्यास. निळं पुन्हा वाचत बसायचं नाही. आठ-दहा मिनिटं काहीच सुचत नसेल तरी वही उघडायची घाई करू नये. आठवायची धडपड फुकट जात नाही, मात्र शेवटी बरोबर उत्तर पाहायलाच हवं. न तपासता आठवत राहिलं तर क्षारग्रंथी कांदळालाच चिकटून पक्क्या होतात.

हे पुन्हा कधी करायचं, यालाही आकडे आहेत. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर पाहिलं की चाचणी ७ दिवसांनी असेल तर दोन अभ्यासांत १ दिवसाचं अंतर सर्वांत चांगलं, ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं आणि ७० दिवसांनी असेल तर २१ दिवसांचं. त्यांनी अंतराने फक्त एकच उजळणी दिली होती. सेमिस्टरसाठी सोपा हिशोब असा: त्याच संध्याकाळी एकदा, आठवड्याने एकदा, त्यानंतर तीन आठवड्यांनी एकदा. दर वेळी कोरा कागद. कोकणातल्या कॉलेजांना यात एक आयती सोय आहे. गणपतीची सुट्टी पहिल्या सेमिस्टरच्या मधोमध येते आणि वर्ग ओस पडतात. गावी जाताना वह्यांचं गाठोडं न्यायची गरज नाही. तसंही ते उघडलं जात नाही. सुट्टीत विसरणं होऊ द्यावं आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी, सर पुढचं शिकवायला लागण्याआधी, प्रत्येक विषयाचा एकेक कोरा कागद भरावा. थोडं विसरल्यावर आठवणं जड जातं आणि म्हणूनच जास्त टिकतं. पण पूर्ण पुसलं गेल्यावर आठवायला काही उरतच नाही. त्या दोन्हींच्या मधली वेळ साधायची.

गणित किंवा लोणेऱ्याच्या विद्यापीठातल्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्ससारख्या विषयात कागदावर व्याख्या नकोत, उदाहरणं हवीत, आणि तीही मिसळून. घर्षणाची दहा उदाहरणं ओळीने सोडवली की पाचव्यापासून हात आपोआप चालतो. पेपरात मात्र ‘हे कुठल्या प्रकारचं उदाहरण?’ हेच आधी ओळखायचं असतं, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

दहावीपर्यंत मराठी माध्यम असलेल्यांची अडचण आणखी वेगळी. एका वेळी माणसाच्या डोक्यात चारेक नव्या गोष्टीच मावतात. त्यातल्या दोन जागा इंग्रजी वाक्य जुळवण्यात गेल्या तर विषयाला दोनच उरतात. म्हणून संध्याकाळचा पहिला कागद खुशाल मराठीत लिहावा, संज्ञा तेवढ्या इंग्रजी. पुढच्या खेपेला तोच मजकूर इंग्रजीत उतरवावा. भाषा आणि आशय एकाच दिवशी खांद्यावर घेतले की दोन्ही सांडतात. रात्रभर जागून जर्नल पूर्ण करणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. जर्नल सर्टिफाय होईल, पण आदल्या दिवसाचं लेक्चर जाईल.

आता अभ्यासाबाहेरचं थोडं. पहिल्या दोन महिन्यांत ‘मी इथला नाही’ असं वाटणं सर्रास असतं, पण प्रत्येकाला वाटतं की ते फक्त आपल्यालाच. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका अमेरिकन कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: असं सगळ्यांनाच वाटतं आणि पुढे ते ओसरतं. मग हे त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. स्वागत समारंभात प्राचार्यांनी तासभर भाषण ठोकलं म्हणजे हा परिणाम होत नाही. सांगणारा एसवाय-टीवायचा आणि शक्यतो आपल्याच तालुक्याचा हवा.

नोकरीच्या बाबतीत समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध अजूनही उपयोगी आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? १६.७ टक्के म्हणाले वारंवार, ५५.६ म्हणाले अधूनमधून, २७.८ म्हणाले क्वचित. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर लांबच्या माणसाकडून येते. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांतूनही, मध्यम सैल ओळखीच सर्वांत उपयोगी पडतात, असं दिसलं.

अशी सैल ओळखीची माणसं कोकणात गणपतीला घरोघर येतात, मुंबईहून. आरतीनंतर चुलत्याच्या मेहुण्याला ‘काका, माझ्यासाठी नोकरी बघा’ म्हटलं तर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारावं: तुमच्या कंपनीत लॅबला बीएस्सीची मुलं घेतात का, कुठलं मशीन चालवता यावं लागतं, ट्रेनी म्हणून कोणत्या महिन्यात भरती होते. उत्तर मिळालं की नंबर घ्यायचा, आणि सेमिस्टर संपल्यावर त्या मशीनबद्दल काय शिकलो ते दोन ओळींत कळवायचं.