कॉर्गीचे कागद आणि कारवानीची आठवण

सोलापुरात सात रस्त्यावरून संध्याकाळी आमच्या कॉर्गी कुत्रीला फिरवताना रोज कुणीतरी गाडी बाजूला घेतं. "काय ओ, पिल्लूच आहे का अजून?" पिल्लू नाही, पाच वर्षांची आहे ती. पाय तेवढेच असतात. ते तसे का, हे सांगू लागलं की गोष्ट थेट वेल्समधल्या गोठ्यात जाते.

वेल्श भाषेत 'कोर' म्हणजे बुटका आणि 'गी' म्हणजे कुत्रा. हा गुरं हाकणारा कुत्रा. मेंढ्यांवरचा कुत्रा कळपाला वळसा घालतो. कॉर्गी मागून जातो आणि अडून बसलेल्या गाईच्या टाचेला चावा घेतो. गाईनं लाथ झाडली की ती याच्या डोक्यावरून जाते. म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बुटकीच पिल्लं राखली. एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे पाय असे आखूड राहतात, हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. डॅशहाउंड या दुसऱ्या बुटक्या कुत्र्यामध्येही तीच प्रत आहे. आमच्या अंगणात पाहुण्यांची पोरं पळायला लागली की ही मागून जाऊन त्यांच्या टाचांना नाक लावते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

गोठ्यातला कुत्रा प्रदर्शनात गेला तो इंग्लंडमधल्या एका नव्या हौशीमुळे. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यात फक्त शिकारी पॉइंटर आणि सेटर होते. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि वंशावळीच्या नोंदवह्या सुरू झाल्या. तोवर कुत्र्याची जात त्याच्या कामावरून ओळखली जायची. पुढे ती नोंदीवरून ठरू लागली. कॉर्गीची पाळी उशिरा आली. १९२५ मध्ये त्याचा क्लब झाला. पेम्ब्रोक आणि कार्डिगन हे दोन प्रकार सुरुवातीला एकत्रच धरले जात, त्यांचे संकर होत आणि प्रदर्शनाच्या रिंगमध्ये वाद होत. १९३४ मध्ये केनेल क्लबनं त्यांना दोन वेगळ्या जाती मानलं. लांब शेपटीचा, थोडा मोठा तो कार्डिगन. आमचा पेम्ब्रोक.

इंग्लंडच्या राजघराण्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १९३३ मध्ये 'डूकी' नावाचा पेम्ब्रोक त्या घरी आला. १९४४ मध्ये एलिझाबेथला अठराव्या वाढदिवसाला 'सुझन' मिळाली आणि तिच्याच वंशातले कुत्रे राणीनं पुढे अनेक दशकं पाळले. कॉर्गी जगभर पोचला तो बराचसा त्या फोटोंमुळे.

आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया १८९६ पासून आहे. आईबाप नोंदलेले असले आणि पिल्लाला मायक्रोचिप बसवली की वंशावळीचं सर्टिफिकेट मिळतं. या कागदाची किंमत आम्हाला अनुभवातून कळली. आमचं पहिलं पिल्लू देणाऱ्यानं "कागद महिन्याभरात येतील" असं सांगितलं होतं. ते कधीच आले नाहीत. कुत्रा गुणी होता, घरात लाडाचा होता, पण त्याचं मूळ कुणाला सांगता येईना.

खरं तर आमच्या घरात वंशावळीचं वेड कॉर्गीच्या आधीपासून आहे. आजोबा मंगळवेढ्याकडचे. त्यांच्याकडे कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्या होत्या: उंच, पोट आत गेलेल्या, सशामागे सुटल्या की धुळीची रेघ उठवणाऱ्या. कर्नाटकात त्यांना मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि त्यातले कुत्रे इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिले, म्हणून ते नाव पडलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत ती 'कॅरव्हान हाउंड' आहे. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. आजोबांकडे मात्र एकही कागद नव्हता. धनगराच्या पालावर बसून ते सांगायचे, "ही त्या काळ्या मादीची नात, तिचीही उजवी नखी पांढरी होती." चार पिढ्या तोंडपाठ. ती सगळी माहिती त्यांच्यासोबत गेली. याची मला अजून हळहळ वाटते, आणि म्हणूनच आमच्या घरात कॉर्गीची वही इतक्या जिवापाड लिहिली जाते.

ती वही पुतणी लिहिते. वजन, लस, माजाच्या तारखा, शोचा निकाल. पेम्ब्रोक मादीचं वजन साधारण ९ ते ११ किलो असावं. लांब पाठीच्या कुत्र्याला चरबी सोसत नाही, मणका दुखावतो. म्हणून शिळ्या भाकरीचा तुकडा मागे सरकवणाऱ्या आजीवर घरात सगळ्यांचा डोळा असतो. पुण्याच्या शोला जायचं तर पहाटे तीनला निघायचं, अडीचशे किलोमीटर. आधी महिनाभर जेवणाच्या टेबलावर रबरी चटई टाकून सराव चालतो. पुतणी तिचे पुढचे पाय खांद्याखाली सरळ ठेवते, मागचे थोडे मागे घेते, आणि वहिनी जज होऊन ओठ वर करून दात बघते, पाठीवरून हात फिरवते. अनोळखी हाताखाली कुत्री स्थिर राहिली पाहिजे, म्हणून शेजारच्या काकांनाही जज व्हावं लागतं.

मेमध्ये सगळा सराव बंद. पारा ४३ च्या वर गेला की सोलापुरी चादर भिजवून फरशीवर टाकतो आणि ती पोट टेकून त्यावर पसरते. केस कापून टाकायचा सल्ला बरेच जण देतात. कापू नयेत, त्या दुहेरी केसांमुळे उन्हाचा चटका थेट कातडीला बसत नाही.

पिल्लांचं म्हणाल तर २०१७ च्या केंद्रीय नियमांत ब्रीडिंग करणाऱ्यांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय वीण नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. आमच्या कॉर्गीचं आजवर एकच वेत झालं, चार पिल्लांचं. पुतणीनं चौघांचीही पानं वहीत स्वतंत्र उघडली आहेत, आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात पायाच्या नखांचा रंग लिहिला आहे.